हजेरीपुस्तकातलं पत्र

१

सोमवारी सकाळी प्रार्थना संपली आणि सुबोधिनी कन्या विद्यालयाच्या चौदा वर्गांत चौदा हजेरीपुस्तकं उघडली गेली. प्रत्येकात घडी घातलेलं एक पत्रक होतं. सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेलं, हात ओळखू येऊ नये अशा छापील वळणात, दोन्ही बाजूंनी भरलेलं. वर मथळा होता : 'तुमच्या मुलींच्या बाई काय लिहितात ते वाचा.' खाली एक आख्खं खाजगी पत्र.

चौदा शिक्षकांपैकी एकानंही ते न वाचता फाडून टाकलं नाही. तिघींनी वर्गासमोर उभं राहूनच वाचून काढलं. मधल्या सुट्टीपर्यंत मुलींना त्यातली वाक्यं पाठ झाली होती. एरवी याच मुलींना आठ ओळींची कविता पाठ व्हायला पंधरवडा लागतो.

पत्र भूगोलाच्या पुष्पलता गोंडाणे यांनी कोकणातल्या एका शाळामास्तरांना लिहिलेलं होतं. त्यात मुख्याध्यापक गणपतराव चिमोटे तपासणीच्या दिवशी खुर्चीत घोरत होते, ते होतं. संस्थेचे अध्यक्ष भैयाजी स्नेहसंमेलनात अर्धा तास बोलले आणि शाळेचं नावच चुकले, ते होतं. कारकून चंपतराव चहाच्या किटलीच्या वाफेवर शिक्षकांची पत्रं उघडतात असा संशय होता. आणि नववीतल्या एका मुलीबद्दल चार ओळी होत्या, तिच्या नावासकट : बाप पितो, आई माहेरी निघून गेली, पोर स्वयंपाक उरकून पाच मैल चालत येते आणि तरी नकाशा सगळ्यांत सुंदर काढते.

त्या मुलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. पत्रकात छापलं गेलं तेवढं पुरे झालं. बाकीच्यांची नावं लिहायला मला काही वाटत नाही. पुष्पलताबाईंची परवानगी घेतली आहे, उरलेल्यांची घ्यावी असं मला वाटलं नाही.

मी वामनराव. तीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली एकोणीस बेवारस पत्रांच्या खोलीत. ज्यांचा पत्ता लागत नाही ती पत्रं तिथं येतात. ती उघडायचा अधिकार मोजक्या माणसांना असतो, आणि तोही पत्ता शोधण्यापुरता. पाठवणाऱ्याचं नाव सापडलं की पुढची ओळ वाचायची नाही. मी वाचली नाही. म्हणून दुसऱ्यांची पत्रं चवीनं वाचणाऱ्यांविषयी माझ्या मनात जे आहे, त्याला तिरस्कार हा शब्द थोडा सौम्य पडतो.

बुधवारी भैयाजींनी मला शाळेत बोलावलं. भैयाजींचा नागपूरच्या इतवारीत लाकडाचा धंदा. शाळा त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ काढली आणि तेव्हापासून ते शिक्षणावर बोलतात.

"वामनराव, तुम्ही अक्षराचे जाणकार," ते म्हणाले. "हे पत्र गोंडाणेबाईचंच आहे असं लिहून सही करा. पुढच्या शनिवारी कमिटी आहे. त्या लोकाइले आपण नोकरी दिली, आन् हे असे पांग फेडून राहिले."

'त्या लोकाइले' म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही. पुष्पलताबाईंच्या वडिलांनी छप्पन साली इथंच धम्मदीक्षा घेतली होती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. भैयाजींच्या वाक्याला हसलेल्या दोघांना तर फारच चांगलं माहीत होतं.

कोपऱ्यात पुष्पलताबाई उभ्या होत्या. पस्तिशीच्या, सडपातळ, हातात नकाशाची गुंडाळी. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं.

"सही कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "पत्र माझंच आहे."

भैयाजींनी समाधानानं मान डोलावली. मी पत्रक उलटसुलट केलं.

"पत्र यांचं असेल," मी म्हणालो, "पण हे पत्रक यांचं नाही. हे कोणी काढलं?"

"त्याचं काय करायचं आहे आता?" गणपतराव पटकन म्हणाले.

चोरीच्या चौकशीत चोर कोण हे ज्याला नको असतं, त्याच्याकडे मी नीट बघून घेतो. गणपतरावांच्या कपाळावर घाम होता.

२

भैयाजींना मी सांगितलं, की मूळ पत्र पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. ते चिडले, पण कमिटीसमोर त्यांना माझा कागद हवा होता.

भूगोलाच्या खोलीत पुष्पलताबाईंनी सगळं सांगितलं. एका मासिकात 'पत्रमैत्री' म्हणून पान असतं. नाव, वय, छंद, पत्ता छापून येतो आणि अनोळखी माणसं एकमेकांना लिहू लागतात. दोन वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये शोभाताई उमाळकरांनीच ते पान दाखवलं होतं. भास्कर तांडेल नावाचे मास्तरही भूगोलच शिकवतात. ते समुद्राबद्दल लिहीत, पुष्पलताबाई संत्र्याच्या बागांबद्दल. मग हळूहळू शाळेबद्दल.

"तुमचं त्यांच्याशी..." मी सुरुवात केली आणि मलाच लाज वाटली. "जाऊ द्या. तो माझा प्रश्न नाही."

"सगळ्या शाळेचा तोच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

पत्र त्यांनी मोकळ्या तासांना लिहिलं होतं, मंगळवार ते गुरुवार. अपुरं पत्र नकाशांच्या कपाटात ठेवायच्या. कपाटाची किल्ली स्टाफरूममध्ये खिळ्याला, कोणीही घ्यावी अशी. गुरुवारी संध्याकाळी सक्करदऱ्याच्या टपालपेटीत स्वतः टाकलं. कच्ची प्रत नाही, नक्कल नाही.

"त्या मुलीचं नाव लिहायची गरज होती?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. "कौतुकानं लिहिलं होतं. सोमवारपासून ती शाळेत आलेली नाही."

"गणपतराव घोरतात हे तुमचं मत. ते तुम्ही कोणालाही लिहा. तिच्या घरातलं मात्र तुमचं नव्हतं."

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला झोप लागत नाही ती त्यामुळे. नोकरीमुळे नाही."

त्या शाळेत मी ऐकलेलं पहिलं सरळ वाक्य तेच.

मग मी कामाला लागलो. पत्रकाच्या उजव्या समासात शाईची बारीक तिरपी रेघ होती. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका मागवल्या. प्रत्येकीवर तीच रेघ, त्याच जागी. शाळेच्याच यंत्राच्या रुळावर ओरखडा होता. म्हणजे बाहेरचा कोणी नाही. यंत्र एका खोलीत कुलपात असे आणि किल्ली नेणाऱ्यानं वहीत सही करायची असा नियम होता. गुरुवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत त्या वहीत तीनच सह्या होत्या.

गणपतराव चिमोटे. चंपतराव. शोभाताई उमाळकर.

३

गणपतरावांना मी पहिल्यांदा गाठलं. त्यांचा घाम मला विसरता येत नव्हता.

"मी सूचना काढायला किल्ली घेतली," ते म्हणाले. "माझीच बदनामी मीच छापीन का?"

"चोर कोण ते तुम्हाला का नको आहे?"

त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मला निवृत्तीला एक वर्ष उरलंय. प्रकरण वाढलं की शिक्षणाधिकारी येतील. ते विचारतील, तपासणीच्या दिवशी खरंच झोपला होता का. खरंच झोपलो होतो हो."

एवढंच. एका डुलकीसाठी हा गृहस्थ एका बाईची नोकरी घालवायला तयार होता. बाहेर फळ्यावर त्यांची ताजी सूचना होती : 'सर्व शिक्षीकांनी परिक्षेचे पेपर तपासुन आणी सही करुन द्यावे.' मी ती दोनदा वाचली आणि वहीत उतरवून घेतली.

चंपतराव ऑफिसात किटलीशेजारीच बसले होते. किटलीच्या तोटीखाली त्या दिवशीची टपाल पडली होती. मी एक पाकीट उचललं, गोंदाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं.

"हे आज सकाळी उघडलंय," मी म्हणालो. "कागद फुगून पुन्हा बसला की कड अशी खरखरीत होते. मी एकोणीस वर्षं हेच पाहिलं."

चंपतराव पांढरे पडले. "साहेब, मी मनानं नाही करत. भैयाजीले समदं मालूम पाहिजे. कोण कोणाले लिहून राहिलं, कोण दुसऱ्या शाळेत अर्ज करून राहिलं. मले म्हणते, चंपत, नजर ठेव."

"म्हणजे पत्रक तुमचंच?"

"नाही जी! काहून करीन? त्याच्यात तर मी पत्रं फोडतो असंच लिहिलं हाय. मीच माह्या हातानं ते गावभर वाटू?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. नीच माणूससुद्धा कधी कधी बिनतोड बोलतो. तेवढी ओळ गाळून पत्रक काढणं त्यांना अगदी सोपं होतं. ती गाळलेली नव्हती.

शोभाताई मराठी शिकवत. चाळिशीच्या, नीटनेटक्या, मायाळू आवाजाच्या. पर्यवेक्षिकेची जागा निघाली होती आणि सेवाज्येष्ठतेनं ती पुष्पलताबाईंची होती. त्यानंतर शोभाताईंचा नंबर.

"लोक माझ्यावर संशय घेतील, मला माहीत आहे," त्यांनी आपणहून सांगितलं. "पण पुष्पा माझी मैत्रीण आहे. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. किल्ली मी मराठीच्या चाचणीसाठी घेतली होती."

"पत्रकात तुमच्याबद्दल काहीच नाही."

"माझ्याबद्दल ती काय वाईट लिहिणार?" त्या हसल्या. डोळ्यांत पाणी होतं.

गणपतरावांनीही तेच म्हटलं होतं, की साऱ्या शाळेत उमाळकरबाईच तेवढ्या निष्कलंक निघाल्या. मी मात्र बाहेर पडून पत्रक पुन्हा काढलं. चपराशी होता, माळी होता, शाळेच्या गेटवर बसणारी बोरवालीसुद्धा होती. सात वर्षं एका डब्यात जेवणारी मैत्रीण नव्हती.

बाई लिहायला विसरल्या होत्या, की कोणीतरी गाळलं होतं?

४

तांडेल मास्तरांना मी तार केली : मूळ पत्र पाकिटासह पाठवा. दोन दिवसांनी उत्तर आलं, पण मला नाही. पुष्पलताबाईंना. 'कोणी वामनराव तुमचं पत्र मागतात. तुम्ही सांगितल्याशिवाय देणार नाही.'

या प्रकरणात मला भेटलेला हा दुसरा सभ्य माणूस, आणि तोही सातशे मैलांवर. पुष्पलताबाईंनी उलट तार केली. कमिटीच्या आदल्या दिवशी रजिस्टर पाकीट आलं. ते त्यांनी न उघडता माझ्या हाती दिलं.

"वाचा," त्या म्हणाल्या. "आता काय उरलंय?"

"मी फक्त ताडून पाहीन."

आधी पाकीट पाहिलं. वाफ लागलेली नव्हती. गोंद एकदाच चिकटलेला आणि एकदाच, घाईघाईनं, बोटानं फाडलेला. वाटेत कोणी उघडलं नव्हतं. म्हणजे नक्कल झाली ती पत्र शाळेच्या कपाटात असताना.

मग पत्रक शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावत गेलो. पुष्पलताबाईंचं भूगोलाचं ज्ञान उत्तम, शुद्धलेखन यथातथा. मूळ पत्रात 'परिक्षा' चार वेळा आलं होतं, 'आणी' अकरा वेळा. पत्रकात चारही ठिकाणी 'परीक्षा' आणि अकराही ठिकाणी 'आणि'. एकही चूक राहिलेली नव्हती.

शेवटच्या पानावर माझं बोट थांबलं. मूळ पत्रात नऊ ओळींचा एक परिच्छेद होता. पत्रकात तो नव्हता.

पहिल्या ओळीत एक नाव होतं. तिथं मी वाचणं थांबवलं. एकोणीस वर्षांची सवय. पत्ता मिळाला होता.

५

शनिवारी दुपारी कमिटी बसली. भैयाजी मध्ये, दोन सभासद बाजूला, समोर गणपतराव, चंपतराव, शोभाताई. पुष्पलताबाईंना आजही कोणी खुर्ची दिली नव्हती. मी माझी दिली आणि उभा राहिलो.

"सही झाली का?" भैयाजींनी विचारलं.

"होईल. आधी पत्रक कोणाचं ते ऐका. यंत्र या शाळेचं. त्या चार दिवसांत किल्ली तिघांकडे होती. चंपतरावांनी ते काढलं नाही, कारण त्यांची नोकरी घालवील अशी ओळ त्यात आहे. गणपतरावांनीही नाही. ते स्वतः 'आणी' आणि 'परिक्षा' लिहितात, बाहेर फळ्यावर बघा. पुष्पलताबाईही तसंच लिहितात. पत्रकात मात्र सगळं शुद्ध आहे. मजकूर चोरतानासुद्धा ज्याचा हात चुका सुधारत जातो, असं माणूस इथं एकच आहे."

शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "शुद्ध लिहिणं हा गुन्हा झाला का, वामनराव?"

"नाही. पण मूळ पत्रातल्या नऊ ओळी पत्रकात नाहीत. त्यांच्या पहिल्याच ओळीत एक नाव आहे. तुमचं."

भैयाजी पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकले. "काय लिहिलं आहे? वाचा ना, वाचा!"

सगळे पुढे वाकले. बारा दिवस एका बाईचे खाजगी शब्द चघळूनही या लोकांची भूक भागली नव्हती.

"मी वाचणार नाही," मी म्हणालो. "पत्र माझ्या नावावर नाही, तुमच्याही नाही." मी तो कागद पुष्पलताबाईंना दिला. त्यांनी तो एक क्षण हातात धरला, उठल्या आणि शोभाताईंच्या पुढे केला.

"ताई, तुम्ही वाचा."

शोभाताईंनी हात मागे घेतला. "नको. मला ते पुन्हा वाचवत नाही गं."

"पुन्हा?" मी विचारलं. "हे पत्र कालपर्यंत कोकणात होतं. तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलंत?"

त्यांनी तोंडावर पदर घेतला. नकार दिला नाही. पदराआडूनच म्हणाल्या, "पाच वर्षांनी लहान आहे ती माझ्याहून. तिच्या हाताखाली मी... सगळे काय म्हणाले असते? मला वाटलं, नुसती जागा हुकेल तिची. नोकरीवर येईल असं नव्हतं वाटलं."

"आणि त्या पोरीचं नाव?" पुष्पलताबाईंनी विचारलं. "ते तरी गाळायचं होतं. माझ्या चुका सुधारल्यात ना?"

त्या नऊ ओळींत काय होतं ते पुष्पलताबाईंनी मला नंतर सांगितलं. त्यांची आई दवाखान्यात होती तेव्हा शोभाताईंनी अकरा दिवस डबा पोचवला होता, ते होतं. आणि पर्यवेक्षिका शोभाताई झाल्या तर वाईट वाटणार नाही, त्यांच्या हाताखाली काम करायला आवडेल, असं होतं. शोभाताईंनी ते वाचलं. वाचून बाजूला ठेवलं आणि उरलेलं छापील वळणाच्या अक्षरात उतरवून काढलं. स्वतःबद्दलच्या शिव्या वाचून चवताळलेला माणूस मी समजू शकतो. हे मला आजही समजलेलं नाही.

६

भैयाजींनी घसा खाकरला. "झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात ठेवा. पण गोंडाणेबाईनं संस्थेची बदनामी केली, त्याचं काय?"

"त्यांनी एका माणसाला पत्र लिहिलं," मी म्हणालो. "बदनामी ज्यांनी चौदा प्रती काढल्या त्यांनी केली. आणि तुमच्या सांगण्यावरून या ऑफिसात दुसऱ्यांची टपाल फुटते. तो तुरुंगाचा गुन्हा आहे. पोस्टात माझी ओळख अजून आहे."

भैयाजींनी चंपतरावांकडे पाहिलं, चंपतरावांनी किटलीकडे. बाईंना काढण्याचा ठराव मांडलाच गेला नाही. शोभाताईंनी राजीनामा दिला आणि त्या नरखेडकडे भावाच्या गावी गेल्या. तिथल्या शाळेत त्यांना लगेच नोकरी लागली. गणपतरावांनी शिफारसपत्र दिलं होतं, त्यांच्या शुद्धलेखनाची तारीफ करणारं. पर्यवेक्षिकेची जागा भैयाजींनी वर्षभर रिकामी ठेवली. गोंडाणे हे नाव त्या खोलीच्या दारावर लावायला त्यांना रंगारी सापडत नव्हता.

कमिटीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, पुष्पलताबाई माझ्याकडे आल्या. "त्या मुलीच्या घरी जायचंय. एकटीनं पाय उचलत नाही."

बेसा गाव ओलांडून पुढे कच्च्या वाटेनं गेलो. दोन्हीकडे तूर, मध्ये चार-पाच घरं. मुलीचा बाप अंगणात मोटेची दोरी वळत होता. शुद्धीवर होता. बाईंना पाहून उठला, पण बसा म्हणाला नाही.

"काहून आल्या?"

"माफी मागायला."

"माहीच इज्जत गेली, माफी तुमी मागता?" तो कोरडं हसला. "बाई, मी पितो हे गावाले ठाऊक होतं. पोरीच्या शाळेले ठाऊक नव्हतं. तिले तेवढी एक जागा होती."

कारणं द्यायला पुष्पलताबाईंकडे खूप होती : चोरी दुसरीनं केली, छापलं दुसरीनं. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. तिचं नाव मी लिहायला नको होतं."

बाप पुन्हा दोरी वळू लागला. थोड्या वेळानं दाराआडून मुलगी बाहेर आली. काटकुळी, तेल लावून वेणी घातलेली, हाताला चुलीची राख. बाईंकडे न बघता तिनं विचारलं, "बाई, सहामाहीले नकाशा कोणता हाय?"

"दक्षिण अमेरिका."

"मी उद्या येतो."

बाई पुढे झाल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवणार होत्या. मुलगी एक पाऊल मागे सरली.

"पण बाई, माह्याबद्दल आता कोणालेच काही सांगू नका. चांगलंबी नका सांगू."

"नाही सांगणार," पुष्पलताबाई म्हणाल्या.

मुलीनं मान हलवली आणि चुलीवरची भाकर जळेल म्हणून आत पळाली.